ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी: रुग्ण आणि नातेवाइकांसाठी पहिल्या फोनपासून शेवटच्या भेटीपर्यंतचा क्रम

क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे नवं औषध किंवा उपचार रुग्णांवर तपासणाऱ्या अभ्यासासाठी, गेलेल्या रुग्णाला नकार मिळतो तेव्हा घरच्यांना वाटतं की आजारच फार पुढे गेला असणार. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. केमोचा डोस मागच्याच आठवड्यात घेतलेला असतो. बायोप्सीचा ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याचा मेणातला ठोकळा) दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये पडलेला असतो. सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात असतो, पण सीडी घरी राहिलेली असते. नाहीतर वैद्याकडचा काढा चालू असतो आणि ते कोणी सांगितलेलं नसतं. या सगळ्या चुका क्रमाच्या आहेत आणि क्रम पाळला तर टळणाऱ्या आहेत.

पुढची माहिती भारतातल्या ट्रायलची आहे. उदाहरणं बहुतेक कर्करोगाची घेतली आहेत, कारण तिथे निकष सर्वांत कडक असतात. मधुमेह, हाडं, मेंदू आणि शस्त्रक्रियेच्या ट्रायलमध्ये काय वेगळं असतं ते पाचव्या टप्प्यात आहे.

टप्पा १: विचारायची वेळ साधा

ट्रायलबद्दल विचारायची खरी वेळ म्हणजे उपचार बदलायची वेळ. निदान झालं आणि अजून काहीच सुरू नाही, ऑपरेशन ठरलं पण झालेलं नाही, स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली आणि डॉक्टर पुढचं औषध लिहिणार आहेत, अशा वेळी विचारायचं. पुढचं औषध एकदा सुरू झालं की बहुतेक ट्रायलची दारं काही आठवडे बंद होतात.

याला कारण आहे. नवं औषध देण्याआधी जुनं अंगातून जावं लागतं, नाहीतर गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कळत नाही. केमोनंतर साधारण तीन ते चार आठवड्यांचं अंतर मागितलं जातं. गोळ्यांच्या बाबतीत ट्रायलच्या कागदात 'पाच अर्धायुष्यं' असा शब्द दिसेल. औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला जो वेळ लागतो, त्याच्या पाचपट थांबा, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं म्हणजे पुष्कळ ट्रायलमध्ये आधी किती प्रकारचे उपचार झालेत यालाही मर्यादा असते. 'एकाहून अधिक केमो झालेली नको' अशी अट असेल, तर 'आधी दुसरी केमो करून बघू, मग ट्रायल' म्हणणाऱ्याचा मार्ग त्याच निर्णयाने बंद होतो. सगळे उपचार संपल्यावर करायची गोष्ट म्हणजे ट्रायल, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो.

सावध: ट्रायलच्या आशेवर चालू उपचार स्वतःहून थांबवू नका. नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'पुढचं औषध सुरू करायला किती दिवस थांबलं तर धोका नाही?' दहा दिवस म्हणाले, तर तुमच्या हातात दहा दिवस आहेत. तेवढ्यात ट्रायल हाती लागली नाही तर नेहमीचे उपचार सुरू करा.

टप्पा २: फाइल लावा

फोन करण्याआधीचं काम हे आहे. केसपेपरांचा जाड गठ्ठा घेऊन जाण्याने काही साधत नाही. स्टडी कोऑर्डिनेटरला, म्हणजे ट्रायलचं रोजचं काम पाहणाऱ्या माणसाला, पाच मिनिटांत कळायला हवं की रुग्ण निकषांत बसतो की नाही. त्यासाठी सगळ्यात वर एक पान ठेवा, तारखांच्या क्रमाने लिहिलेलं. नमुना असा:

वय ५२, पुरुष. वजन ५८ किलो (१२ सप्टेंबर).
आजार: डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग.
बायोप्सी: १४ जानेवारी. रिपोर्ट क्रमांक अमुक. ब्लॉक सध्या कुठे: जिथे बायोप्सी तपासली ती लॅब.
ऑपरेशन: २ फेब्रुवारी. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट जोडला आहे.
रेडिएशन: १० मार्च ते २१ एप्रिल, ३० वेळा.
केमो: सिस्प्लॅटिन, आठवड्याला एक, ६ डोस. शेवटचा डोस १५ एप्रिल.
आता: मानेत डाव्या बाजूला गाठ. ९ सप्टेंबरच्या सीटीत दिसली. सीडी आहे.
इतर आजार: मधुमेह, ८ वर्षं. मेटफॉर्मिन ५००, दिवसातून दोनदा.
इतर औषधं: कधीकधी पित्ताची गोळी. जुलैत एक महिना काढा घेतला, २ ऑगस्टला बंद.
ॲलर्जी: सल्फाची.
सध्याची ताकद: स्वतःचं सगळं स्वतः करतो, शेतात जात नाही.

शेवटची ओळ किरकोळ वाटेल, पण डॉक्टर तिलाच गुण देतात. कर्करोगाच्या ट्रायलमध्ये हा 'ईकॉग' गुण बहुधा ० किंवा १ असावा लागतो. ० म्हणजे आजाराआधीसारखं सगळं करता येतं. १ म्हणजे जड काम झेपत नाही, पण हिंडणं-फिरणं आणि हलकं काम जमतं. दिवसाचा काही वेळ अंथरुणावर जात असेल तर तसंच लिहा. फुगवून लिहिलेलं पहिल्याच तपासणीत उघडं पडतं आणि प्रवास फुकट जातो.

पानाखाली कागद लावा: बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, केमोच्या प्रत्येक डोसची नोंद, रेडिएशनचं सारांशपत्र, सर्व स्कॅनच्या सीडी, गेल्या महिन्याभरातले रक्ताचे रिपोर्ट आणि सध्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या.

ब्लॉकबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथेच सर्वांत जास्त दिवस वाया जातात. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जो छोटा ठोकळा करतात तो ब्लॉक. त्यातून पातळ काप काढून काचेवर घेतात त्या स्लाइड. नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये गाठीतले ठरावीक बदल तपासायचे असतात आणि त्यासाठी ब्लॉक किंवा रंग न दिलेल्या नव्या स्लाइड लागतात. घरी असलेल्या जुन्या रंगवलेल्या स्लाइड त्या कामाला पुरत नाहीत. ब्लॉक जिथे बायोप्सी तपासली त्या लॅबमध्ये असतो आणि लेखी अर्ज केल्यावर मिळतो. अर्जावर रुग्णाचं नाव, रिपोर्ट क्रमांक आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र लागतं. लॅब बंद झाली किंवा दुसरीकडे हलली असेल तर ते आज कळलेलं बरं.

तपासून पाहा: सीडी घरच्या किंवा शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कोऱ्या किंवा भलत्याच रुग्णाच्या सीडी निघतात. सगळ्या रिपोर्टांवर नावाचं स्पेलिंग आणि वय एकसारखं आहे का तेही आत्ताच बघून घ्या.

टप्पा ३: ट्रायल शोधा आणि नोंदणीचं पान वाचा

भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया). ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची आहे. २००७ साली ती सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे, लॉगिन लागत नाही: सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. तिथला मजकूर इंग्रजीत आहे, म्हणून शोधशब्दही इंग्रजीतच टाइप करावे लागतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे एकच शब्द टाकून 'काही नाही' म्हणून सोडून देणं. गालाच्या कर्करोगाची ट्रायल 'ओरल कॅन्सर' खाली सापडेल, 'बक्कल म्युकोसा' खाली सापडेल, 'हेड अँड नेक' खालीही सापडेल. कधी फक्त 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' एवढंच लिहिलेलं असतं. बायोप्सीच्या रिपोर्टच्या शेवटी निदान लिहिलेलं असतं, ते शब्द जसेच्या तसे टाका. मग अवयवाचं नाव टाका, मग औषधाचं.

प्रत्येक ट्रायलला एक क्रमांक असतो: सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना, मग सहा आकडे. तो वहीत उतरवून घ्या. पुढच्या प्रत्येक फोनमध्ये तो लागेल. आता ते पान पुढील क्रमाने वाचा. वरून खाली वाचत बसलात तर दमाल.

आधी भरतीची स्थिती. जागतिक आणि भारतातली अशा दोन वेगळ्या ओळी असतात. तुमच्यासाठी भारताची ओळ महत्त्वाची. 'ओपन टू रिक्रूटमेंट' म्हणजे रुग्ण घेणं चालू आहे. 'नॉट येट' म्हणजे अजून सुरू नाही, 'क्लोज्ड' म्हणजे जागा भरल्या, 'सस्पेंडेड' म्हणजे तूर्त थांबवली. ही ओळ वेळेवर बदलली जातेच असं नाही, म्हणून पान शेवटचं कधी सुधारलं ती तारीख बघा.

मग केंद्रांची यादी. कोणत्या गावात, कोणत्या रुग्णालयात, कोणते डॉक्टर हे तिथे असतं.

मग एथिक्स कमिटीच्या, म्हणजे रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने ट्रायल तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचा तक्ता. तुम्ही जाणार त्या केंद्रासमोर 'अप्रूव्ड' हवं. यादीत केंद्र आहे पण मंजुरी अजून 'अंडर रिव्ह्यू', असंही असू शकतं. तिथे तुमची भरती अजून करता येत नाही.

मग डीसीजीआयची, म्हणजे भारताच्या औषध महानियंत्रकांची परवानगी. नव्या औषधाच्या ट्रायलला ती लागते. आधीच मान्य असलेल्या औषधाचा किंवा शस्त्रक्रियेच्या पद्धतीचा अभ्यास रुग्णालयाने स्वतः हाती घेतला असेल तर तिथे 'नॉट ॲप्लिकेबल' दिसेल. तो दोष नव्हे. मात्र भरपाईचे नियम अशा अभ्यासांना वेगळे पडतात, म्हणून फरक लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

शेवटी निकष. 'इन्क्लूजन' म्हणजे जे असायलाच हवं, 'एक्सक्लूजन' म्हणजे जे असलं तर घेता येत नाही. हे दोन्ही आपल्या एका पानासमोर ठेवून ओळीओळीने तपासा. जुळेल तिथे बरोबरची खूण, कळत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. ही प्रश्नचिन्हं म्हणजेच तुमच्या फोनचे प्रश्न.

सावध: नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. सीटीआरआय क्रमांक मिळाला म्हणजे सरकारने औषध चांगलं ठरवलं असं होत नाही. क्रमांक दाखवून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठी होणाऱ्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन 'ट्रायलमध्ये घेतो' असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

टप्पा ४: पहिला फोन

पानावर दोन संपर्क असतात, एक शास्त्रीय चौकशीसाठी आणि एक सर्वसामान्य चौकशीसाठी. कंपनीच्या मुख्यालयाच्या नंबरापेक्षा तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरांच्या विभागात फोन लावा आणि 'या क्रमांकाच्या ट्रायलचे स्टडी कोऑर्डिनेटर कोण?' असं विचारा. बोलणं याच क्रमाने: क्रमांक, आजार, शेवटचा उपचार आणि त्याची तारीख, सध्याची ताकद. मग विचारा:

जागा शिल्लक आहेत का? आमच्यासारखे रुग्ण या गटात अजून घेतात का? ब्लॉक लागेल की स्लाइड चालतील? स्कॅन किती दिवसांच्या आतला हवा? नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र लागेल का? पहिल्या भेटीला उपाशीपोटी यायचं का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईत उतरून सकाळी चहा-बिस्किट घेतलं आणि उपाशीपोटीचं रक्त देता आलं नाही, म्हणून दिवस वाया गेला, हे टाळता येतं.

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात ट्रायलच्या डॉक्टरांना थेट भेटता येतंच असं नाही. आधी ओपीडीत नोंद, केसपेपर, मग त्या आजाराच्या विभागात तपासणी आणि मग ट्रायल असा क्रम लागतो. एक जादा दिवस हाताशी ठेवून निघा.

टप्पा ५: तुमच्या आजारात काय वेगळं

शस्त्रक्रियेच्या ट्रायलमध्ये वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण ऑपरेशन झालं की संधी संपली. इथे नवं औषध असेलच असं नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे नेहमीचं भूल देणारं औषध टोचलं, एवढाच फरक होता. अर्ध्या रुग्णांना ते दिलं, अर्ध्यांना नाही. अशा ट्रायलचं विचारायचं तर ऑपरेशनची तारीख घेतानाच विचारायला हवं.

मधुमेहाच्या ट्रायलमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ठरावीक मर्यादेत हवी असते. खालची मर्यादाही असते आणि वरचीही. भेटीच्या आधी औषध वाढवून साखर उतरवायची घाई केल्याने रुग्ण कधीकधी खालच्या मर्यादेखाली जातो. ट्रायलआधीचे दोन-तीन महिने औषधाची मात्रा स्थिर असावी अशीही अट असते.

गुडघ्याच्या ट्रायलमध्ये अलीकडच्या महिन्यांत सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलंय का ते विचारतात. तारीख आठवत नसेल तर ज्यांनी टोचलं त्या दवाखान्यातून लिहून आणा.

पक्षाघातात सगळं तासांवर येतं. तिथे रुग्ण बोलू शकत नाही आणि नातेवाइकाला थोड्या वेळात निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी एकच गोष्ट नक्की विचारा: ट्रायल नाकारली तर नेहमीचा उपचार लगेच सुरू होईल ना? उत्तर 'हो' असायलाच हवं.

टप्पा ६: माहितीपत्रक आणि संमती

इथे घाई करू नका. ट्रायलची कोणतीही तपासणी सहीच्या आधी होत नाही, हा नियम आहे. 'आधी रक्त देऊन टाका, सही नंतर' असं कोणी म्हणालं तर थांबा.

माहितीपत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं. मराठी प्रत मागा. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते, ती सगळ्या पानांवर सारखी आहे का बघा. कागद घरी न्यायला मागा आणि कुटुंबाबरोबर, गावच्या डॉक्टरांबरोबर वाचा. तातडीचा आजार नसेल तर एक-दोन दिवस मागणं तुमचा हक्क आहे, त्यात कोणाचा अपमान नाही.

वाचताना ही उत्तरं पेन्सिलीने अधोरेखित करा:

मला ट्रायलबाहेर कोणता नेहमीचा उपचार मिळाला असता?
नवं औषध मिळेलच, की चिठ्ठीने (कॉम्प्युटरने केलेल्या वाटणीने) ठरेल? प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी किंवा इंजेक्शन, आहे का? असेल तर नेहमीचा उपचार सोबत मिळेल का?
किती भेटी, किती महिने, प्रत्येक वेळी किती रक्त? पाच मिली म्हणजे एक चहाचा चमचा. काही भेटींत दिवसभर ठरावीक तासांनी रक्त घेतात, त्या किती?
ट्रायलच्या खर्चात काय येतं आणि काय येत नाही?
प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी मिळते का, आणि पावत्या कुठे द्यायच्या?
औषधाने गुण आला तर ट्रायल संपल्यावर ते मिळत राहील का?

खर्चाच्या प्रश्नावर अडून बसा. 'सगळं फुकट' हे वाक्य पुरेसं नाही. ट्रायलचं औषध फुकट असतं, पण ज्या नेहमीच्या औषधाबरोबर ते द्यायचं ते कोणाच्या खर्चाने? ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून बसवायचं असेल तर आरोग्यमित्रांना आधी विचारा. खासगी विमा असेल तर पॉलिसीतलं अप्रमाणित उपचार वगळण्याचं कलम वाचा. ट्रायलचा खर्च विमा कंपनी बहुधा देत नाही.

संमतीपत्रावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता-नातं असे रकाने असतात. उत्पन्न कशाला हवं म्हणून लोक काहीबाही लिहितात आणि वारसाचा रकाना कोरा सोडतात. तसं करू नका. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई त्या नावाने जाते. आधार कार्डावर आहे तसंच नाव लिहा.

सही करणाऱ्याने तारीख स्वतःच्या हाताने घालायची. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण मग ट्रायलशी संबंध नसलेला एक निष्पक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर बसलेला हवा आणि त्याचीही सही हवी. सगळं समजावून झाल्यावर नुसती सही करायला आलेला साक्षीदार चालत नाही. मूल सात ते बारा वर्षांचं असेल तर आईवडिलांच्या समोर त्याचा तोंडी होकार घेतात, बारा ते अठरामध्ये लेखी. अगदी नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या रुग्णांच्या संमतीचं चित्रीकरण होतं, तेव्हा कॅमेरा बघून दचकू नका. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या ट्रायलमध्ये फक्त आवाज नोंदवतात.

तपासून पाहा: निघताना हातात सही झालेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत आहे का? त्यावर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर आहे का? नसेल तर तिथून हलू नका.

टप्पा ७: स्क्रीनिंग

सही झाली म्हणजे ट्रायलमध्ये शिरलो असं नाही. आता तपासण्या होतात आणि त्यात बरेच जण गळतात. कर्करोगाच्या ट्रायलमध्ये साधारण असे आकडे मागतात: हिमोग्लोबिन ९ किंवा जास्त, प्लेटलेट १ लाख किंवा जास्त, बिलिरुबिन (यकृताच्या तपासणीतला आकडा) सामान्य मर्यादेच्या दीडपटीच्या आत. सीटीत निदान एक गाठ १० मिलिमीटर किंवा मोठी हवी, लसिका ग्रंथी असेल तर तिची आखूड बाजू १५ मिलिमीटर. त्याहून लहान गाठ नीट मोजता येत नाही आणि औषधाचा परिणाम ठरवता येत नाही.

प्रत्येक तपासणीला मुदत असते. रक्त एक-दोन आठवड्यांच्या आतलं, स्कॅन चार आठवड्यांच्या आतला, असं पुष्कळ ठिकाणी असतं. ब्लॉकच्या रिपोर्टला उशीर झाला की स्कॅनची मुदत संपते आणि तो पुन्हा करावा लागतो. म्हणून ब्लॉक आधी, स्कॅन नंतर, हा क्रम कोऑर्डिनेटरकडून पक्का करून घ्या.

मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांची गर्भचाचणी होते. ट्रायलभर आणि नंतरही काही महिने गर्भनिरोध लागतो. पुरुषांनाही ही अट असते. घरात हे बोलणं अवघड असतं, पण सही करण्याआधी बोलून घ्या.

सावध: काढा, भस्म, पित्ताच्या गोळ्या, जिममधली पावडर, सगळं सांगा. यकृताचे आकडे वाढलेले दिसले आणि कारण लपलेलं असलं, तर दोष नव्या औषधावर जाईल आणि तुमचं औषध बंद होईल. त्याहून वाईट म्हणजे दोन औषधं एकमेकांशी भिडली तर धोका तुमच्याच जिवाला.

नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि 'हे कारण दूर झालं तर पुन्हा येऊ का?' असं विचारा. हिमोग्लोबिनसारख्या गोष्टीसाठी बऱ्याच ट्रायलमध्ये पुन्हा तपासणीची सोय असते.

टप्पा ८: चिठ्ठी

चिठ्ठीच्या ट्रायलमध्ये कोणाला कोणता उपचार हे कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. 'साहेब, आमच्या वडिलांना नवंच औषध द्या' ही विनंती डॉक्टरांना मान्य करताच येत नाही, आणि जे करतो म्हणतात त्यांच्या ट्रायलवर विश्वास ठेवू नये.

चिठ्ठीचा राग येतो, कारण वाटतं की डॉक्टरांना चांगलं काय ते माहीत आहे आणि ते अर्ध्यांना देत नाहीत. प्रत्यक्षात उत्तर माहीत नसतं म्हणूनच ट्रायल असते. तोंडाच्या कर्करोगात मानेला गाठ लागत नसेल तर मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या की नंतर गाठ दिसली तर काढायच्या, यावर सर्जन मंडळींत कित्येक वर्षं दोन मतं होती आणि दोन्ही पद्धती चालत होत्या. टाटा मेमोरियलने चिठ्ठीने वाटणी करून २०१५ साली निकाल दिला. आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. वाटणी डॉक्टरांच्या मर्जीने झाली असती तर हे आकडे मिळाले नसते.

प्लासिबो असलेल्या ट्रायलमध्ये बहुधा तुम्हालाही आणि डॉक्टरांनाही गट माहीत नसतो. जिवावर बेतलं तर तो उघडता येतो. हे कसं, कोण आणि किती वेळात करतं ते आत्ताच विचारून ठेवा.

टप्पा ९: औषध सुरू झाल्यावर

पहिल्या दिवशी सगळ्या भेटींच्या तारखा कॅलेंडरवर मांडून घ्या. प्रत्येक भेटीला थोडी सवलत असते, बहुधा दोन-तीन दिवस इकडे-तिकडे. गणपती, दिवाळी, पेरणी, घरातलं लग्न या तारखा कोऑर्डिनेटरला आधीच दाखवा. आधी सांगितलं तर भेट सवलतीत बसवता येते. चुकल्यावर सांगितलं तर तेवढी नोंद कायमची रिकामी राहते.

गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि बाटल्या टाकू नका. उरलेल्या गोळ्या मोजून हिशेब लावतात. डायरी रोज भरा. आदल्या रात्री बसून महिन्याभराच्या खुणा एका पेनाने केलेल्या लगेच ओळखू येतात. गोळी चुकली तर दुसऱ्या वेळी दोन घेऊ नका, फोन करा. फ्रीजमध्ये ठेवायचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत हवं. एसटीने नेताना बर्फाच्या पॅकमध्ये न्या, पण पॅक बाटलीला चिकटू देऊ नका. गोठलेलं इंजेक्शन वाया जातं. काही गोळ्यांबरोबर पपनस किंवा ग्रेपफ्रूट चालत नाही, ते यादीत बघा.

ट्रायलचं छोटं कार्ड मिळतं, त्यावर चोवीस तासांचा नंबर असतो. ते पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

टप्पा १०: त्रास झाला तर

गावच्या डॉक्टरांकडून ताप, खोकला, दुखणं कशावरही औषध घेण्याआधी कार्डावरच्या नंबरावर फोन करा. जीव धोक्यात असेल तर आधी जवळच्या रुग्णालयात जा आणि तिथून फोन करा. त्या डॉक्टरांना कार्ड दाखवा.

रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, मग कारण काहीही असो, ते त्याच दिवशी कळवा. गंभीर घटना कळवायला ट्रायलच्या डॉक्टरांना २४ तासांची मुदत असते. तुम्ही आठवड्याने सांगितलंत तर नोंद उशिराची होते आणि कारण शोधणं अवघड होतं. डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि रिपोर्ट यांच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवा, द्यायच्या त्या झेरॉक्स.

नव्या औषधांच्या ट्रायलला २०१९ चे नियम लागू आहेत. ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. ते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं ठरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. संबंध आहे असं ठरलं तर वेगळी भरपाई मिळते. मृत्यूच्या भरपाईचा हिशेब ठरलेला आहे: ८ लाख रुपये, गुणिले वयाचा घटक, गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. पासष्टीच्या पुढे वयाचा घटक ९९.३७ च असतो, म्हणून तिथे गणित सोपं होतं. आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर जोखमीचा घटक ०.५, म्हणजे ४ लाख. निरोगी स्वयंसेवक असेल तर ४, म्हणजे ३२ लाख. औषध महानियंत्रकांचा आदेश निघाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात.

रुग्णालयाने स्वतः हाती घेतलेल्या अभ्यासांत हे सूत्र जसंच्या तसं लागत नाही. तिथे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आणि एथिक्स कमिटीचा निर्णय चालतो. तिसऱ्या टप्प्यात 'नॉट ॲप्लिकेबल' वाचलं असेल तर इजा झाल्यास खर्च कोण करणार ते माहितीपत्रकातून सहीआधीच काढून घ्या.

डॉक्टर दाद देत नाहीत असं वाटलं तर एथिक्स कमिटीला लेखी कळवा. तिच्यात निदान सात सदस्य असतात. त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक असायला हवा. पत्रात सीटीआरआय क्रमांक, रुग्णाचा ट्रायलमधला क्रमांक आणि तारखांचा क्रम लिहा, आणि पोचपावती घ्या.

टप्पा ११: बाहेर पडणं

केव्हाही, कारण न सांगता, ट्रायल सोडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. पण परस्पर गोळ्या बंद करून फोन उचलणं थांबवू नका. काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात आणि शेवटची तपासणी तुमच्याच सुरक्षिततेसाठी असते. 'औषध बंद करतो, पण तपासणीला येईन' असंही सांगता येतं. दोन्ही गोष्टी सोडायच्या की एकच, ते स्पष्ट सांगा.

शेवटच्या भेटीत उरलेल्या गोळ्या परत करा आणि चार गोष्टी घेऊन निघा: कोणतं औषध किती दिवस घेतलं याचं सारांशपत्र, शेवटच्या स्कॅनची सीडी, उरलेला ब्लॉक परत मिळण्याची तारीख, आणि गट उघडल्यावर तुम्हाला कळवण्यासाठी कोऑर्डिनेटरने लिहून घेतलेला तुमचा चालू मोबाइल नंबर.